पेट्रोलवरचे पाच टक्के

रायपूरच्या जी. ई. रोडवर माझ्या एका अशिलाचा पंप आहे. महिन्यातून दोनदा मी तिथं हिशेब बघायला जातो. टँकर आला की आधी तो थोडा वेळ नुसता उभा ठेवतात, पेट्रोल निवळू देतात. मग झाकणाचं सील बघायचं, डिप रॉड आत सोडायचा, काचेच्या नळकांड्यात नमुना घेऊन घनता मोजायची आणि वहीत उतरवायची. त्या वहीत ‘पेट्रोल’ हा शब्द कुठं सापडत नाही, सगळीकडे ‘एमएस’. नव्यानं लागलेल्या पोरानं एकदा विचारलं, “साहब, ये एमएस क्या होता है?” मोटर स्पिरिट, मी सांगितलं. तो पुढच्या कामाला लागला. मी मात्र वही हातात धरून बसलो, कारण या दोन शब्दांपायी आपल्या जुन्या प्रांतानं एक मोठा सवाल उभा केला होता.

1938 साल. रायपूर तेव्हा मध्यप्रांत आणि वऱ्हाडात, राजधानी नागपूर. 1935 च्या भारत सरकार कायद्याखाली निवडणुका होऊन लोकांचं मंत्रिमंडळ आलेलं. त्या जुलैत नागपूरचे डॉ. ना. भा. खरे पायउतार झाले आणि रायपूरच्या बुढापाऱ्यातले वकील पं. रविशंकर शुक्ल मुख्यमंत्री झाले. खरे प्रकरणाच्या कडवट आठवणी मराठी घरांतून पुढं कितीतरी वर्षं निघत राहिल्या. आमच्या तात्यापाऱ्यातल्या घरीही निघत. पण त्याच वर्षीच्या दुसऱ्या गोष्टीची आठवण कुणी काढली नाही, आणि माझ्या मते तीच जास्त मोलाची आहे.

लोकनियुक्त सरकारांनी दारूबंदीचं वचन दिलं होतं. दारू बंद करायची तर आबकारीचा पैसा जाणार. शाळा-दवाखाने कशावर चालवायचे? प्रांताच्या हातात उत्पन्नाच्या वाटा मोजक्या. तेव्हा मध्यप्रांतानं कायदा केला : मोटर स्पिरिट आणि वंगण यांच्या किरकोळ विक्रीवर शेकडा पाच कर. दिल्लीनं हरकत घेतली. देशात तयार होणाऱ्या मालावर उत्पादन शुल्क लावण्याचा हक्क केंद्राचा, आणि हा कर म्हणजे नाव बदललेलं उत्पादन शुल्कच, असं केंद्राचं म्हणणं. प्रांताचं उत्तर साधं होतं : ‘मालाच्या विक्रीवरील कर’ ही नोंद आमच्या यादीत आहे, आणि आम्ही विक्रीवरच कर लावतो आहोत.

1935 च्या कायद्यात कलम 213 होतं. त्यानुसार गव्हर्नर जनरल कायद्याच्या प्रश्नावर फेडरल कोर्टाचं मत मागवू शकत. न्यायालय 1937 च्या ऑक्टोबरात सुरू झालेलं, पुरतं सव्वा वर्षाचंही नव्हतं. त्याच्याकडे मतासाठी आलेला पहिला प्रश्न म्हणजे आपल्या प्रांताचे हे पाच टक्के.

इथं अमेरिका आठवल्याशिवाय राहत नाही. 1793 मध्ये अध्यक्ष वॉशिंग्टन यांच्या वतीनं जेफरसन यांनी सरन्यायाधीश जॉन जे यांच्याकडे 29 प्रश्न पाठवले होते. युरोपात लढाई पेटली होती, तटस्थ राहायचं तर कुठवर, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. न्यायाधीशांनी उत्तर द्यायला नकार दिला. सरकारला सल्ला देणं हे न्यायालयाचं काम नव्हे, ही त्यांची भूमिका, आणि तिथलं संघीय सर्वोच्च न्यायालय आजही त्याच वाटेनं चालतं. करांवरून संघ आणि राज्य यांची झटापट मात्र तिथंही जुनीच. 1819 च्या मॅककुलक खटल्यात मेरीलँड राज्याला संघाच्या बँकेवर कर लावता येणार नाही, असं ठरलं. 1928 मध्ये तर भांडण थेट पेट्रोलवर आलं : मिसिसिपीनं विक्रीवर लावलेला कर संघाच्या तटरक्षक दलाला विकलेल्या पेट्रोलवर चालणार नाही, असा निकाल एका मताच्या फरकानं लागला.

आपल्याकडे तिघे न्यायाधीश बसले : सरन्यायाधीश मॉरिस ग्वायर, शाह मुहम्मद सुलेमान आणि आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, जे पुढं पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. डिसेंबरात तिघांनी आपापली मतं दिली आणि तिन्ही मतं प्रांताच्या बाजूनं पडली. परदेशी निकाल डोळे मिटून उचलू नयेत, प्रत्येक राज्यघटनेची शब्दरचना वेगळी असते, हे ग्वायर यांनी बजावलं. घटनेचा अर्थ उदार मनानं लावावा, हेही त्यांनीच सांगितलं. युक्तिवादाचा गाभा कुणालाही समजेल असा आहे. उत्पादन शुल्क माल तयार होण्याशी बांधलेलं असतं. तो माल दुकानापर्यंत पोचून गिऱ्हाइकाच्या हाती पडतो, तो व्यवहार वेगळा. केंद्राची नोंद इतकी फुगवायची की प्रांताच्या नोंदीत काही उरूच नये, असा अर्थ लावणं चूक. दोन्ही नोंदी शेजारीशेजारी ठेवून, दोन्हींना जागा मिळेल असं वाचलं पाहिजे.

मी तीस-बत्तीस वर्षं करांचं काम करतो आहे. दोन नोंदी शेजारीशेजारी ठेवून वाचायची ही रीत मला रोज लागते. पुढं विक्रीकर हा राज्यांच्या तिजोरीचा कणा झाला, आणि त्याचा पाया त्या डिसेंबरात घट्ट झाला.

कलम 213 आपल्या संविधानात कलम 143 होऊन आलं. राज्यपाल आणि राष्ट्रपती यांनी विधेयकांना किती दिवसांत मंजुरी द्यावी, या प्रश्नावर राष्ट्रपतींनी 2025 मध्ये त्याच कलमाखाली मत मागवलं. त्या पीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश भूषण गवई, अमरावतीचे, म्हणजे त्याच जुन्या वऱ्हाडातले.

प्रांत मोडला. 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो, आणि 2000 साली छत्तीसगड झालो. जीएसटी आला तरी पेट्रोल त्याच्या बाहेर राहिलं. त्यावरचा विक्रीकर आजही राज्य घेतं.

नवा रायपूरला न्या. हिदायतुल्ला यांच्या नावाचं विधी विद्यापीठ आहे. ते स्वतः रायपूरच्या शाळेत शिकलेले. तिथल्या मुलांना माझं एवढंच सांगणं : मॅककुलक वाचा, जरूर वाचा, पण त्याच आठवड्यात हे मतही वाचून काढा. आणि मग संविधानाच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीची 54 वी नोंद उघडा. 2016 च्या दुरुस्तीनंतरही तिथं ‘मोटर स्पिरिट’ हेच शब्द आहेत.