ब्रोमेलेन

अननसाच्या फळात आणि खोडात आढळणारा, प्रथिनांचे विघटन करणाऱ्या एंझाइमांचा समूह. व्हेनेझुएलाचे रसायनशास्त्रज्ञ व्हिसेंते मार्कानो यांनी १८९१ मध्ये तो अननसाच्या रसातून वेगळा केला. फळापेक्षा खोडात तो अधिक असल्याचे १९५७ मध्ये दिसून आले. फळ काढल्यावर वाया जाणाऱ्या खोडापासूनच आज औषधी ब्रोमेलेन तयार होते.

सूज वाढवणाऱ्या ब्रॅडीकायनिनसारख्या द्रव्यांची निर्मिती ते कमी करते आणि साकळलेले फायब्रिन विरघळवते, असे मानले जाते. नाक व सायनसच्या शस्त्रक्रियेनंतरची सूज उतरवण्यासाठी जर्मनीच्या ‘कमिशन ई’ या वनौषधी समितीने १९९३ मध्ये त्यास मान्यता दिली. सायनसच्या दाहावरील चाचण्या मात्र लहान आहेत. त्यांवरून ते पूरक उपाय ठरते, प्रतिजैविकाचा पर्याय नव्हे. महाराष्ट्रात दंतवैद्य आणि अस्थितज्ज्ञ लिहून देतात त्या ट्रिप्सिन-रुटोसाइडच्या गोळीत बहुधा ९० मिलिग्रॅम ब्रोमेलेन असते.

अननस खाऊन तोच गुण येईल ही समजूत चुकीची आहे. खाण्याच्या गरात मात्रा अपुरी पडते. शिजवलेल्या वा डबाबंद फळातील एंझाइम तर उष्णतेने निकामी झालेले असते. खानदेशातील पपईच्या चिकापासून मिळणारे पपेन याच कुळातले. ते मात्र कच्च्या फळात असते, पिकलेल्यात जवळजवळ नसते.

रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि अननसाची ॲलर्जी असलेल्यांनी ब्रोमेलेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. सायनसच्या दाहात डोळ्याभोवती सूज, तीव्र ताप किंवा दृष्टीत बदल झाल्यास तातडीने रुग्णालयात जावे.