सरकारी माहिती आणि गावचे वाचनालय : एका रूढ मताचे खंडन

सरकारी कामाशी वाचनालयाचा संबंध काय, असा प्रश्न आज बहुतेकांना पडतो. हे मत विचार न करता बनलेले नाही. शिकलेसवरलेले तरुण, ग्रामपंचायतीचे सदस्य आणि वाचनालयांचे काही चालकसुद्धा असेच म्हणतात. त्यांचे म्हणणे तीन मुद्द्यांत सांगता येते. पहिला मुद्दा असा की सगळे शासन निर्णय, योजना आणि अर्ज आता मोबाइलवर आहेत, मग माहितीसाठी वेगळे ठिकाण हवे कशाला? दुसरा असा की ज्याला मोबाइल जमत नाही त्याच्यासाठी आपले सरकार सेवा केंद्रे आहेतच. आणि तिसरा म्हणजे, गावचे वाचनालय कथा-कादंबऱ्या, वर्तमानपत्रे आणि स्पर्धा परीक्षेची तयारी यांपुरते असते. तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या ग्रंथपालाला हे जमायचे नाही आणि त्याच्यावर ते लादूही नये.

हे तिन्ही मुद्दे भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यात, सानगडीत नेऊन तपासून पाहू. जुन्या किल्ल्याचे आणि धानाच्या बांध्यांचे हे गाव. तहसील साकोलीला, जिल्हा कचेरी भंडाऱ्याला. एक कागद कमी पडला किंवा चुकीचा नेला तर बसभाडे जाते आणि दिवसाची मजुरी बुडते. रोवणीच्या दिवसांत तर असा एक दिवस फार महागात पडतो. अशा गावात माहिती मिळण्याइतकेच ती खरी असण्याला आणि आजची असण्याला महत्त्व आहे.

पहिल्या मुद्द्याची परीक्षा २०२४च्या जुलैत झाली. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचा शासन निर्णय २८ जून २०२४ला निघाला. त्यात अधिवासाचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला मागितला होता, मुदत १५ जुलैपर्यंतची होती, वयाची मर्यादा ६० वर्षांची होती आणि पाच एकरांहून जास्त शेती असलेली कुटुंबे वगळलेली होती. राज्यभर तहसील आणि तलाठी कार्यालयांपुढे बायांच्या रांगा लागल्या. जुलैच्या पहिल्याच आठवड्यात अटी बदलल्या. अधिवास दाखल्याऐवजी १५ वर्षांपूर्वीचे रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला चालणार होता. पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्यांना उत्पन्नाच्या दाखल्याची गरज उरली नाही. वय ६५पर्यंत वाढले, शेतीची अट गेली आणि मुदत ३१ ऑगस्टपर्यंत लांबली.

आता पाहा. जुनी यादी मोबाइलवर होती आणि नवीही होती. दोन्ही एकाच व्हॉट्सअॅप गटात, तारखेविना, एकाखाली एक फिरत होत्या. ज्या बाईच्या घरात केशरी कार्ड होते तिला उत्पन्नाच्या दाखल्याच्या रांगेत उभे राहण्याची गरजच नव्हती. पण हे तिला कोण सांगणार? माहिती तिच्या हातात पोचली होती, ती चालू आहे की रद्द झाली आहे एवढेच तिला कळत नव्हते. मोबाइलने माहितीचा तुटवडा संपवला हे खरे, पण त्याच मोबाइलने खऱ्याखोट्याची आणि जुन्यानव्याची सरमिसळही केली. म्हणून ‘सगळे मोबाइलवर आहे’ हे वाक्य वाचनालयाची गरज संपल्याचा पुरावा ठरत नाही. कागद वाढले की ते निवडून देणाऱ्या माणसाची गरजही वाढते, आणि निवडून देणे हा ग्रंथपालाचा मूळ धंदा आहे.

ही निवड फार अवघड नाही. शासन निर्णयाच्या माथ्यावर विषय, विभागाचे नाव, क्रमांक आणि दिनांक असतो. शेवटी सही करणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावाआधी एक ओळ असते, हा निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असून त्याचा संकेतांक अमुक आहे असे सांगणारी. तो संकेतांक १८ आकड्यांचा असतो. त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना आणि दिवस. फिरत आलेल्या कागदावर हा आकडा नसेल तर त्यावर विसंबू नये. असेल तर तो संकेतस्थळावर टाकून मूळ प्रत काढावी. मग त्याच विषयावर नंतरचे शुद्धिपत्रक किंवा सुधारित निर्णय निघाला आहे का, ते पाहावे. दहावी-बारावी शिकलेल्या माणसाला हे एका दुपारी शिकवता येते. अडचण एवढीच की हे रोज, न कंटाळता, येईल त्याच्यासाठी करणे हे आज गावात कोणाचेच काम नाही.

दुसरा मुद्दा सेवा केंद्राचा. या केंद्रांनी गावाची सोय केली आहे, हे मोकळ्या मनाने मान्य करावे. सातबारा आणि दाखल्यांसाठीच्या तालुक्याच्या कितीतरी फेऱ्या त्यांनी वाचवल्या. पण केंद्र चालते ते अर्जामागे मिळणाऱ्या शुल्कावर. ‘तुम्ही या योजनेत बसत नाही’, ‘हा दाखला तुम्हाला लागतच नाही’, ‘हे काम तुम्ही घरबसल्या फुकट करू शकता’ या तीन उत्तरांतून केंद्रचालकाला काहीच मिळत नाही. नागरिकाला मात्र पुष्कळदा याच उत्तरांची गरज असते. चालक कितीही सज्जन असला तरी त्याच्या धंद्याची रचना अर्ज भरण्याची आहे, सल्ला देण्याची नाही. शिवाय अर्ज रखडला तर पुढे काय, हे सांगणेही त्याच्याकडे नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये झाला. अधिसूचित सेवा ठरल्या मुदतीत मिळणे हा त्याने हक्क केला. मुदत टळली किंवा अर्ज फेटाळला तर दोन अपिले आणि पुढे आयोग अशी वाट दिली, कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद केली. सेवांची यादी, मुदत, फी आणि अधिकाऱ्यांची नावे फलकावर लावण्याचे बंधनही घातले. तो फलक वाचून अपिलाचा नमुना हाती देणारे ठिकाण गावात हवे, आणि ते अर्जाच्या कमाईवर चालणारे नसावे.

सानगडीच्या भागात हा फरक धानाच्या हंगामात पैशांत दिसतो. २०२४-२५च्या खरिपासाठी शासनाने धान उत्पादकांना हेक्टरी २० हजार रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, जाहीर केले. बोनस म्हणून ओळखली जाणारी ही रक्कम किमान आधारभूत किंमत योजनेत नोंदणी केलेल्यांना, धान विकला असो वा नसो, मिळणार होती. म्हणजे खरेदी केंद्रावर धान न्यायचा नसला तरी नोंदणी करणे महत्त्वाचे. ‘आपल्याला कुठे विकायचा आहे’ म्हणून ज्याने नोंदणी सोडली त्याची, दोन हेक्टर असतील तर, ४० हजारांची रक्कम गेली. ही एक ओळ वेळेवर आणि मूळ कागदासह सांगणारे कोणी असते, तर त्याचे मोल वेगळे सांगायला नको.

तिसरा मुद्दा वाचनालयाच्या कामाविषयीचा. कथा-कादंबऱ्या आणि वर्तमानपत्रे एवढेच वाचनालयाचे काम, ही समजूत ग्रंथालयशास्त्राला मान्य नाही. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांतले चौथे वाचकाचा वेळ वाचवा असे आहे. माहितीसाठी दोनदा साकोली गाठणाऱ्या शेतकऱ्याचा वेळ वाचवणे त्या सूत्रात पूर्ण बसते. जगातही हे नवे नाही. २००५मध्ये कतरिना वादळानंतर अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावरच्या सार्वजनिक ग्रंथालयांत घरदार गमावलेल्या लोकांनी सरकारी मदतीचे ऑनलाइन अर्ज भरले, आणि ग्रंथपाल त्यांच्या शेजारी बसले. शेजारच्या कर्नाटकात ग्रामपंचायतींची ग्रंथालये ग्रामविकास खात्याकडे आणून ‘अरिवु केंद्र’, म्हणजे ज्ञानकेंद्र, म्हणून उभी केली जात आहेत.

आपल्याकडे कायद्याचा पाया तयार आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५च्या कलम ४मध्ये प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपण होऊन जाहीर करायच्या १७ बाबी आहेत. त्यांतली पंधरावी बाब म्हणजे माहिती मिळवण्यासाठी नागरिकांना असलेल्या सुविधा. आणि तिथे लोकांसाठी ग्रंथालय किंवा वाचनकक्ष चालवला जात असेल तर त्याच्या वेळाही द्याव्यात, असे कायद्याने नाव घेऊन म्हटले आहे. त्याच कलमात माहिती स्थानिक भाषेत आणि त्या भागात सर्वात परिणामकारक ठरेल अशा पद्धतीने पोचवावी, असेही आहे. सरकारी माहिती आणि वाचनकक्ष यांची सांगड कायद्यानेच घातली आहे. ती आपण वापरात आणलेली नाही, इतकेच.

विरोधकांच्या एका म्हणण्यात मात्र तथ्य आहे. आजच्या मानधनात ग्रंथपालावर हे लादणे अन्याय होईल. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७चा. त्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांची वर्गवारी अ, ब, क, ड अशी होते, आणि ती ठरताना पुस्तके, नियतकालिके व सभासद यांचा हिशेब पाहिला जातो. किती नागरिकांना खात्रीची सरकारी माहिती मिळाली, हेही या हिशेबात आणावे आणि त्यासाठी वेगळे अनुदान द्यावे. कामाची हद्दही स्पष्ट असावी. वाचनालयाने कोणाचा ओटीपी घेऊ नये, आधारच्या प्रती ठेवू नयेत, पात्र-अपात्र ठरवू नये, पैसे घेऊ नयेत. मूळ कागद दाखवावा, सोप्या बोलीत वाचून सांगावा, कुठे आणि किती दिवसांत जायचे ते लिहून द्यावे. वाचनालयाच्या समितीतही गावचे राजकारण शिरते, हे खरे. म्हणूनच विचारलेला प्रश्न, दाखवलेला निर्णय आणि त्याचा संकेतांक एका वहीत नोंदवावा, विचारणाऱ्याचे नाव मात्र लिहू नये. ती वही कोणालाही पाहता यावी.

सुरुवातीसाठी मुंबईच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. सानगडीसारख्या गावाने पुढच्याच ग्रामसभेत ठराव करावा : चालू शासन निर्णयांची फाइल, लोकसेवांचा फलक, ग्रामपंचायतीच्या १७ बाबी आणि अपिलांचे कोरे नमुने वाचनालयात ठेवले जातील आणि दर आठवड्याला तपासले जातील. ग्रामसेवक, तलाठी आणि कृषी सहायक यांनी नवा कागद आला की त्याची एक प्रत तिथे द्यावी. खर्च कपाटाचा, छपाईचा आणि एका माणसाच्या रास्त मानधनाचा आहे. एका हंगामात एका शेतकऱ्याची बुडणारी रक्कम पाहिली तर हा खर्च गावाला सहज परवडणारा आहे.