सोमवार, बुधवार, शुक्रवार

आमच्या घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात सगळ्या सोमवारांना, बुधवारांना आणि शुक्रवारांना लाल पेनाने गोल केलेला असतो. नवा माणूस घरी आला की हमखास विचारतो, हे उपासाचे वार का? शुक्रवारचं एक वेळ समजता येतं, पण मुसलमानाच्या घरात सोमवार कोण धरतो, हा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर दिसत असतो.

हे वार माझ्या थोरल्या बहिणीच्या, आपाच्या, गोळीचे आहेत. गोळीचं नाव अ‍ॅझिथ्रोमायसिन. तुमच्यापैकी बहुतेकांनी ती कधी ना कधी घेतलेली असणार. घसा धरला, ताप आला की तीन दिवसांची किंवा पाच दिवसांची. आपा ती २०१८ पासून घेते आहे, आठवड्यातून तीनदा. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. औषधांच्या इतिहासात शिरायचं मला काही कारण नव्हतं. पण माझ्या हातून एक चूक झाली आणि त्या चुकीनं मला शिरायला लावलं.

आपाला अठराव्या वर्षी क्षय झाला होता. साल १९७८. अब्बा तिला रोज सकाळी सायकलवर डबलसीट बसवून स्ट्रेप्टोमायसिनच्या इंजेक्शनला न्यायचे. मी तेव्हा आठ वर्षांचा. मागून धावत नाक्यापर्यंत जायचो. क्षय बरा झाला. घरात पेढे वाटले गेले. खोकला मात्र कायमचा मुक्कामाला राहिला. सकाळी उठल्यावर अर्धा तास खोकणं, पिवळे-हिरवे बेडके, पावसाळ्यात ताप, थंडीत पुन्हा ताप. तिच्या सासरी सगळे म्हणत, हिची प्रकृतीच तशी. पुढं कधीतरी मिरजेच्या एका छातीच्या डॉक्टरांनी सीटी स्कॅन काढला आणि त्या प्रकृतीला नाव मिळालं : ब्राँकिएक्टेसिस.

नाव अवघड आहे, रोग समजायला अवघड नाही. आपल्या श्वासनलिका झाडाच्या फांद्यांसारख्या असतात, टोकाकडे बारीक होत जाणाऱ्या. क्षयासारख्या रोगानं त्यांच्या भिंती एकदा खराब झाल्या की त्या सैल पडतात, फुगतात. मग कफ वर सरकत नाही, साचून राहतो. साचलं की जंतू आले, जंतू आले की सूज आली, पू आला, आणि त्यानं भिंती आणखी खराब होतात. गावातलं गटार एकदा तुंबलं की दर पावसाळ्यात त्याच जागी तुंबतं, तसं हे आहे. पाच दिवसांच्या औषधानं त्या वेळचं पाणी ओसरतं. गटार तसंच राहतं. म्हणून डॉक्टरांनी तिला खाटेवरून डोकं खाली सोडून कफ काढायचा व्यायाम शिकवला आणि ही आठवड्यातून तीन दिवसांची गोळी सुरू केली. वर्षातून चार-पाच वेळा येणारा ताप एकावर आला.

आता माझी चूक. २०२२ साली प्रतिजैविकांच्या बेसुमार वापरावर वर्तमानपत्रांत बऱ्याच बातम्या आल्या. आपल्या देशात खासगी बाजारात २०१९ साली सर्वांत जास्त खपलेलं प्रतिजैविक म्हणजे पाचशे मिलिग्रॅमची अ‍ॅझिथ्रोमायसिनची गोळी, असं एका पाहणीत निघालं होतं. औषधं अशी वापरली तर जंतू त्यांना दाद देईनासे होतील, असं त्यात बजावलं होतं. मी ते कात्रण कापून आपाकडे गेलो. म्हटलं, तू चार वर्षं ही गोळी खातेस, हे बरोबर नाही. ती म्हणाली, "तेरेकू डॉक्टरसे जास्ती समझता क्या?" पण भाऊ शिकलेला, त्याचं नाव पेपरात छापून येतं. तिनं गोळी बंद केली. डिसेंबरात ताप आला, जानेवारीत पुन्हा आला, आणि त्या दुसऱ्या तापात ती नऊ दिवस ऑक्सिजनवर होती. मी डॉक्टरांना ते कात्रण दाखवलं. त्यांनी ते शांतपणे वाचून परत दिलं आणि म्हणाले, "यात लिहिलंय ते सगळं खरं आहे. फक्त ते यांच्याबद्दल नाही."

त्या वाक्यानं मी वाचायला बसलो.

पॅरिसच्या लाएनेक या डॉक्टरनं १८१६ मध्ये स्टेथोस्कोप शोधला आणि १८१९ च्या आपल्या ग्रंथात या फुगलेल्या श्वासनलिकांचं वर्णन केलं. पुढची सव्वाशे वर्षं या रोगावर फारसं काही करता येत नव्हतं. डोकं खाली करून कफ काढायचा, आणि अगदीच झालं तर छाती उघडून खराब भाग कापून काढायचा. मग पेनिसिलिन आलं, त्याच्या मागोमाग टेट्रासायक्लिनची जात आली. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनं १९५७ साली एक चाचणी प्रसिद्ध केली. जुनाट ब्राँकिएक्टेसिसच्या रुग्णांना वर्षभर, आठवड्यातून दोन दिवस औषध दिलं. काहींना पेनिसिलिन, काहींना ऑक्सिटेट्रासायक्लिन आणि काहींना नुसती दुधातली साखर. कोण काय घेतो ते रुग्णाला ठाऊक नाही. ऑक्सिटेट्रासायक्लिनवाल्यांचा पू कमी झाला, अंथरुणाला खिळून राहण्याचे दिवस कमी झाले. म्हणजे ताप नसतानाही औषध द्यावं ही कल्पना आजची नव्हे. संधिवाताच्या तापानं हृदयाच्या झडपा बिघडलेल्या मुलांना दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन देतात, ते आपल्याकडच्या किती आयांना माहीत आहे! पण फुप्फुसाच्या बाबतीत ही वाट पुढं बरीच वर्षं ओस पडली. ती पुन्हा वाहती झाली जपानमध्ये.

त्याआधी फिलिपाइन्समध्ये जावं लागेल. तिथल्या इलोइलो भागात आबेलार्दो आगिलार नावाचे डॉक्टर होते. १९४९ साली त्यांनी तिथल्या मातीचा नमुना अमेरिकेतल्या एली लिली कंपनीकडे पाठवला. त्या मातीतल्या सूक्ष्मजीवातून एरिथ्रोमायसिन निघालं आणि १९५२ साली बाजारात आलं. कंपनीनं त्याचं नाव ठेवलं इलोटायसिन, इलोइलोवरून. गावाचं नाव बाटलीवर आलं, आगिलारांना मात्र त्यातून स्वामित्वधन मिळालं नाही. ते त्यासाठी अखेरपर्यंत झगडत राहिले. १९९३ साली वारले. आमच्या मायसिनच्या गोळीमागं कुणा एकाची मूठभर माती आहे, हे मला ठाऊक नव्हतं.

जपानात एक जीवघेणा रोग होता. त्याला तिथल्या डॉक्टरांनी १९६९ साली 'डिफ्यूज पॅनब्राँकिओलायटिस' असं नाव दिलं. बारीकातल्या बारीक श्वासनलिकांना सूज, नाकाच्या पोकळ्या भरलेल्या, दिवसभर बेडके, धाप, आणि शेवटी स्यूडोमोनास नावाचा चिवट जंतू फुप्फुसात घर करायचा. सत्तरच्या दशकात ज्यांना हा रोग आहे असं ठरलं, त्यांच्यापैकी पाच वर्षांनी शंभरातले त्रेसष्टच जिवंत असत. जालीम औषधं देऊनही उपयोग होत नव्हता.

ऐंशीच्या दशकाच्या आरंभी शोजी कुदो या टोकियोतल्या डॉक्टरांच्या पाहण्यात या रोगाचा एक रुग्ण आला. तो चक्क सुधारला होता. असं होत नसे. कुदोंनी चौकशी केली. कुठल्या मोठ्या इस्पितळानं काही केलं नव्हतं. एका साध्या जनरल प्रॅक्टिशनरनं त्याला दोन वर्षं एरिथ्रोमायसिन चालू ठेवलं होतं, तेही थोड्या मात्रेत. मला या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते ती ही जागा. शहरातल्या तज्ज्ञानं खेड्यातल्या डॉक्टरची चिठ्ठी पाहून नाक मुरडणं किती सोपं असतं! हे काय, दोन वर्षं प्रतिजैविक? अडाणीपणा! मी आपाच्या बाबतीत नेमकं तेच केलं होतं, आणि मी तर तज्ज्ञही नव्हतो. कुदोंनी ती चिठ्ठी गंभीरपणे घेतली, इतर रुग्णांना तेच औषध तसंच देऊन पाहिलं, आणि त्याच दशकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९९८ साली त्यांनी सगळा हिशेब मांडला. सत्तरच्या दशकातले ते त्रेसष्ट, १९८० ते ८४ मध्ये बहात्तर आणि १९८५ नंतर एक्क्याण्णव. हे नुसते आकडे वाटतात. पण शंभरातली जास्तीची अठ्ठावीस माणसं पाच वर्षांनी आपापल्या घरी जेवायला बसलेली डोळ्यांसमोर आणा.

यात एक कोडं होतं. स्यूडोमोनास एरिथ्रोमायसिनला मुळी जुमानतच नाही. इतक्या थोड्या मात्रेत तर नाहीच. बेडक्यात जंतू तसेच सापडत होते आणि रुग्ण बरा होत होता! मग औषध मारत कुणाला होतं? हळूहळू उलगडलं ते असं की ते मारत नव्हतं, शांत करत होतं. जंतूंशी लढायला आपल्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी फुप्फुसात गर्दी करतात आणि त्यांच्या दारूगोळ्यानं आपल्याच भिंती पडतात. हे औषध ती गर्दी कमी करतं, कफाची निर्मिती कमी करतं, आणि जंतू एकमेकांना निरोप देऊन चिकट थरात तळ ठोकतात त्यातही अडथळा आणतं. दंगलीत नुकसान नेहमी एकाच बाजूमुळं होत नाही, हे ज्यांनी दंगली पाहिल्या आहेत त्यांना वेगळं सांगायला नको.

एरिथ्रोमायसिनची अडचण म्हणजे पोटात ते टिकत नाही, मळमळ होते आणि दिवसातून अनेकदा घ्यावं लागतं. झाग्रेबमध्ये, तेव्हाच्या युगोस्लाव्हियात, प्लिवा कंपनीतल्या स्लोबोदान जोकिच यांच्या चमूनं १९८० साली त्याच्या रेणूच्या कड्यात नायट्रोजनचा एक अणू बसवला. त्यातून अ‍ॅझिथ्रोमायसिन झालं. ते शरीराच्या पेशींत जाऊन मुरतं आणि दिवसेंदिवस रेंगाळतं. आपाचे सोमवार-बुधवार-शुक्रवार आले ते तिथून.

ब्राँकिएक्टेसिससाठी पक्का पुरावा यायला २०१२ आणि २०१३ ही वर्षं उजाडावी लागली. न्यूझीलंडमध्ये आठवड्यातून तीनदा ही गोळी सहा महिने दिली. त्या काळात रोग उसळण्याचं प्रमाण माणशी दीडाहून अधिक होतं, ते ०.५९ वर आलं. नेदरलँड्समध्ये वर्षभर रोज गोळी दिली, तर नुसती साखर घेणाऱ्यांत शंभरातल्या ऐंशींचा रोग उसळला, गोळी घेणाऱ्यांत सेहेचाळिसांचा. युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१७ साली सांगितलं, ज्यांचा रोग वर्षातून तीन किंवा अधिक वेळा उसळतो त्यांच्यासाठी याचा विचार करावा. सगळ्यांसाठी नव्हे.

कारण किंमत आहे. त्याच नेदरलँड्सच्या चाचणीत गोळी घेणाऱ्यांकडून मिळालेल्या जंतूंपैकी अठ्ठ्याऐंशी टक्के या जातीच्या औषधांना निर्ढावलेले निघाले. साखरवाल्यांकडचे सव्वीस टक्के. माझं कात्रण खोटं बोलत नव्हतं. धूम्रपानानं होणाऱ्या फुप्फुसाच्या रोगावर अमेरिकेत मोठी चाचणी झाली, २०११ ची. तिच्यात काहींची श्रवणशक्ती उतरली. काहींच्या हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते, म्हणून आधी ईसीजी. आणि आपल्याकडे सर्वांत महत्त्वाचं म्हणजे बेडक्याची तपासणी. क्षयाच्या जंतूचे काही चुलत भाऊ असतात, त्यांच्यावर हे औषध इतरांच्या जोडीनं उपयोगी पडतं. ते फुप्फुसात लपलेले असताना हे एकटंच देत राहिलं तर ते निर्ढावतात आणि मग हातात काही उरत नाही. भारतातल्या दोन हजारांहून अधिक ब्राँकिएक्टेसिस रुग्णांची नोंद २०१९ साली प्रसिद्ध झाली. त्यात सुमारे एक तृतीयांशांच्या रोगाचं मूळ क्षयात होतं. म्हणजे आपासारखी माणसं गावोगाव आहेत, खोकत, आणि त्यांची प्रकृतीच तशी आहे असं ऐकत.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत या रोगासाठी पहिलंच खास औषध मंजूर झालं, ब्रेन्सोकॅटिब. ते प्रतिजैविक नाही. त्या पांढऱ्या पेशींचा दारूगोळाच निकामी करतं. आपापर्यंत ते कधी आणि काय भावात पोचेल कोण जाणे.

इस्पितळातून घरी आल्यावर आपाचे बेडके तीनदा तपासले, ईसीजी काढला, कानांची तपासणी केली आणि गोळी पुन्हा सुरू झाली. कॅलेंडरवर गोल करायचं काम तिनं माझ्यावर टाकलं आहे, शिक्षाच म्हणा. रमजानमध्ये ती इफ्तारनंतर गोळी घेते आणि मला फोन करून सांगते, "घेतली रे." त्यानंतरच्या दोन थंड्या इस्पितळाशिवाय गेल्या.

गेल्या महिन्यात मात्र कानाच्या तपासणीत डाव्या बाजूची रेघ थोडी खाली आलेली दिसली. वय आहे की गोळी, ते एवढ्यात सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं, तोवर चालू ठेवायचं. आपा म्हणाली, कमी ऐकू आलं तर तुझ्या कविता ऐकाव्या लागणार नाहीत, श्वास मात्र लागतो. तपासणीच्या तारखेला मी हिरव्या पेनानं गोल केला आहे.