बर्फातली पिशवी

डेंग्यूचा हंगाम होता. वॉर्डातून परत पाठवलेला एक मुलगा धापा टाकत रक्तपेढीच्या खिडकीशी आला. "काका, ही चालणार नाही म्हणतात." प्लेटलेटच्या पिशवीभोवती थर्माकोलच्या डब्यात त्यानं स्वतःच्या डोक्यानं बर्फ भरला होता. लाल रक्त नेताना लोक भरतात तसा.

मी पिशवी ट्यूबलाइटसमोर धरून हळूच हलवली. चांगल्या प्लेटलेट चपट्या चकतीसारख्या असतात, उजेडात रेशमासारख्या झळकत फिरतात. गारठल्या की गोल होतात, अंगाला काटे फुटतात आणि ती झळाळी जाते. इथं ती गेली होती. मी त्याच्यावर ओरडलो. खरं तर बर्फ नको हे पिशवी देतानाच मी सांगायला हवं होतं.

या चकत्या जखमी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटतात, हे इटलीतल्या तुरिनच्या बिझोझेरोनं 1882 च्या सुमारास जिवंत प्राण्यांच्या बारीक रक्तवाहिन्यांत पाहिलं. पुढं रक्तपेढ्या आल्या आणि लाल पेशींसारख्याच प्लेटलेटही 4 अंशांवर ठेवायची रीत पडली. 1969 मध्ये फिलाडेल्फियाच्या मर्फी आणि गार्डनर यांनी दाखवलं, की थंड ठेवलेल्या प्लेटलेट शरीरात गेल्यावर झपाट्यानं नाहीशा होतात. 22 अंशांवरच्या कितीतरी जास्त टिकतात. तेव्हापासून प्लेटलेट ठेवायचं आमचं ते रात्रंदिवस हलणारं मशीन, 20 ते 24 अंश, आणि जेमतेम पाच दिवसांची मुदत. उबेत जंतूही वाढतात ना!

थंडीत नेमकं बिघडतं काय, ते 2003 मध्ये बोस्टनहून कळलं. भिंतीला धरणारे प्लेटलेटचे आकडे थंडीनं एका जागी गोळा होतात. यकृतातल्या भक्षक पेशी तेवढ्यावरून त्यांना ओळखतात आणि गिळतात.

म्हणजे थंडीनं त्या मरत नाहीत, उलट चिकटायला उतावीळ होतात. भळाभळा रक्त वाहणाऱ्या माणसाला आठवडाभर टिकणारी प्लेटलेट कशाला हवी? आत्ता चिकटली म्हणजे झालं. 2015 मध्ये अमेरिकेनं रक्तस्रावाच्या रुग्णांसाठी थंड प्लेटलेटना पुन्हा वाट करून दिली. नोकरीभर आम्ही ज्यांना 'बाद' म्हणत आलो, त्या याच.

त्या मुलाच्या भावाला रक्तस्राव नव्हता, काउंट तेवढा घसरला होता. त्याला टिकणाऱ्याच हव्या होत्या. मी दुसरी पिशवी काढून दिली, डब्यातला बर्फ बेसिनमध्ये ओतला आणि पहिली पिशवी पिवळ्या डब्यात टाकली.