ऑनलाइन वर्ग करोनाच्या आधीचा : कलिना, जुहू आणि पवईची गोष्ट

आजचा भाग उपनगरांचा आहे. पण लोकलचा नाही, चाळीचा नाही, सिनेमाच्या स्टुडिओंचाही नाही. आजचा विषय आहे कॉलेजचा वर्ग, आणि तो घरापर्यंत न्यायचे प्रयत्न.

ऑनलाइन शिक्षण म्हटलं की आपल्याला मार्च २०२० आठवतो. कॉलेजं बंद झाली, झूम आणि गुगल मीट हे शब्द आजीलाही माहीत झाले आणि 'सर, आवाज येत नाहीये' हे त्या वर्षाचं वाक्य ठरलं. त्यामुळे अनेकांना वाटतं की हे सगळं करोनाबरोबर आलं. तसं नाही. अंधेरी स्टेशन मध्यभागी धरा. तिथून रिक्षाच्या अंतरावर तीन ठिकाणं आहेत : कलिना, जुहू आणि पवई. 'वर्ग विद्यार्थ्यापर्यंत न्यायचा कसा' या प्रश्नावर या तीन ठिकाणी पन्नास वर्षं काम झालंय. आणि त्या पन्नास वर्षांत जे शिकलो, त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आपण २०२० मध्ये विसरलो. निदान माझं म्हणणं तरी असं आहे. तुम्ही ऐका आणि ठरवा.

पोस्टमनचा वर्ग

सुरुवात थोडी मागून करू. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ ची. नमुना लंडन विद्यापीठाचा. म्हणजे विद्यापीठाने परीक्षा घ्यायची, पदवी द्यायची, आणि शिकवायचं काम कॉलेजांनी करायचं. पुढच्याच वर्षी, १८५८ मध्ये, लंडनने एक धाडसी गोष्ट केली. कॉलेजात न जाताही परीक्षेला बसता येईल, असं दार उघडलं. शिकणं एका जागी आणि परीक्षा दुसऱ्या जागी, ही कल्पना इतकी जुनी आहे.

आपल्याकडे कॉलेजात जाणं न परवडणारा माणूस म्हणजे मुख्यतः नोकरी करणारा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज काढलं, तेव्हा नोकरदार मुलांना शिकता यावं म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. शिकायची इच्छा आहे पण घड्याळ आपलं नाही, अशा लोकांसाठी वेळ हलवायची ही युक्ती.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे जागाच हलवायची. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्राद्वारे शिक्षण सुरू केलं. मुंबई विद्यापीठाचा विभाग आला १९७१ मध्ये. आपण ज्याला पुढे 'आयडॉल' म्हणायला लागलो, कलिन्यातली दूर व मुक्त अध्ययन संस्था, ती हीच. नोट्स छापायच्या, पाकिटात घालायच्या, पोस्टाने पाठवायच्या. मधूनमधून प्रत्यक्ष व्याख्यानं.

आता योगायोग बघा. त्याच १९७१ च्या जानेवारीत ब्रिटनमध्ये ओपन युनिव्हर्सिटीचे पहिले विद्यार्थी शिकू लागले. तिथे बीबीसीवरून व्याख्यानं होत. पण त्या विद्यापीठाचा खरा कणा टीव्ही नव्हता, ट्यूटर होता. प्रत्येक विद्यार्थ्याला एक नेमून दिलेला माणूस, जो त्याच्या वह्या तपासतो, चूक कुठे झाली ते लिहून पाठवतो. आपल्याकडे पाकीट जाई, पण तिकडून प्रश्न आला तर त्याला नियमित उत्तर देणारा असा नेमलेला माणूस नव्हता. पोस्टाच्या वर्गाला कमी लेखू नका. वीज लागत नाही, नेटवर्क लागत नाही, आणि पोस्टमन चौथ्या मजल्यावरही येतो. कमी होती ती फक्त एका गोष्टीची. 'कळलं का?' असं विचारणाऱ्याची.

आकाशवाणी नव्हे, आकाशातला फळा

नंतर उपग्रह आला. १९७५-७६ मध्ये अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह वापरून भारताने सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत टीव्ही पोचवला. प्रयोगाचं नाव 'साइट'. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आपल्या कॉलेजांपर्यंत उपग्रह आला तो १५ ऑगस्ट १९८४ ला. विद्यापीठ अनुदान आयोगाचा 'कंट्रीवाइड क्लासरूम' हा कार्यक्रम दूरदर्शनवर सुरू झाला. ज्यांना तो आठवतो त्यांना एक गोष्ट नक्की आठवेल : कार्यक्रम चांगले असायचे, आणि इंग्रजी असायचे. शिवाय टीव्हीला हात वर करून शंका विचारता येत नाही.

शंका विचारायची वाट उघडली ती जुहूत. हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. जुहूला नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, म्हणजे एनसीएसटी नावाची सरकारी संशोधन संस्था होती. तिचे प्रमुख डॉ. एस. रमणी. १९८६ मध्ये केंद्र सरकारने युएनडीपीच्या मदतीने 'एर्नेट' हा प्रकल्प हाती घेतला. एनसीएसटी, बंगळूरची आयआयएस्सी, पाच आयआयटी आणि खुद्द इलेक्ट्रॉनिक्स विभाग, असे आठ सहभागी. शिक्षण आणि संशोधनासाठी संगणकांचं जाळं विणायचं, हे काम. भारतातल्या इंटरनेटचं मूळ या जाळ्यात आहे. आपल्यासारख्या सामान्य माणसाला व्हीएसएनएलकडून इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला. त्याच्या कितीतरी आधी जुहू आणि पवई यांच्यात ईमेल जात होते. २०१४ मध्ये रमणींचा समावेश इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये झाला. जुहू म्हटलं की आपल्याला अमिताभचा बंगला आठवतो. हरकत नाही, पण हेही आठवावं.

पवईचा हिशोब

आता पवई. आयआयटी मुंबई १९५८ ची, युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीतून उभी राहिलेली. पहिले वर्ग वरळीला भरले. पवईच्या जागेवर १० मार्च १९५९ ला पंडित नेहरूंनी कोनशिला बसवली.

आपल्या गोष्टीतलं इथलं मुख्य पात्र म्हणजे प्रा. दीपक फाटक. कॉम्प्युटर सायन्सचे प्राध्यापक, पुढे २०१३ मध्ये पद्मश्री. त्यांच्यासमोर जो प्रश्न होता तो समजून घ्यायला आपल्याला १९८३ मध्ये जावं लागेल. वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. जागा वाढल्या, कॉलेजं वाढली. पण शिक्षक कुठून आणणार? काल पास झालेला मुलगा आज त्याच कॉलेजात लेक्चरर, असं सर्रास झालं. त्याची चूक नव्हती. त्याला कुणी शिकवायला शिकवलंच नव्हतं.

दरम्यान तंत्रज्ञान धडाधड पुढे जात होतं. २६ जानेवारी २००३ ला 'ज्ञानदर्शन'चं तंत्रशिक्षणाचं चॅनेल सुरू झालं. नाव 'एकलव्य'. गुरूला लांबून बघून शिकणारा, म्हणून नाव समर्पक. गोष्टीचा शेवट मात्र नाव ठेवणाऱ्याने बहुधा मनावर घेतला नसावा! त्याच वर्षी 'एनपीटेल' सुरू झालं. सात आयआयटी आणि आयआयएस्सीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं रेकॉर्ड करून सगळ्यांना मोफत. अमेरिकेत एमआयटीने २००१ मध्ये आपलं अभ्याससाहित्य खुलं करायचं जाहीर केलं होतं, तो वारा इकडेही होताच. २० सप्टेंबर २००४ ला इस्रोने 'एज्युसॅट' सोडला, खास शिक्षणासाठीचा उपग्रह. पवईच्या वर्गातलं व्याख्यान लांबच्या कॉलेजात थेट दिसू लागलं.

म्हणजे फळा पोचला. पण फळा पोचला म्हणून शिकणं होतं का?

इथे फाटकांच्या प्रकल्पाने जो हिशोब मांडला तो मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत शहाणा वाटतो. लाखो विद्यार्थ्यांपर्यंत एका प्राध्यापकाने थेट पोचायचं म्हटलं तर फक्त चेहरा पोचतो. पण हजार शिक्षकांपर्यंत पोचलं, आणि त्यातला प्रत्येक जण आपल्या वर्गातल्या मुलांना अधिक बरं शिकवू लागला, तर? २००९ मध्ये केंद्राचं आयसीटीद्वारे शिक्षणाचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं होतं. त्यातून पवईने एका वेळी हजार शिक्षकांना शिकवायच्या कार्यशाळा घेतल्या, आणि पुढे तोच प्रयोग आयआयटी खरगपूरच्या जोडीने दहा हजारांपर्यंत वाढवला.

पद्धत नीट बघा, कारण मर्म तिथेच आहे. देशभरातल्या कॉलेजांमध्ये दूरकेंद्रं ठरवली. प्रत्येक केंद्रातला एक समन्वयक आधी पवईला यायचा आणि प्रशिक्षण घेऊन परत जायचा. मग मुख्य कार्यशाळा. पवईहून व्याख्यान थेट, अमृता विद्यापीठाने बनवलेल्या 'ए-व्ह्यू' या प्रणालीवर, आणि केंद्रातल्या लोकांना उलट प्रश्न विचारायची सोय. पण प्रयोगशाळा आणि सराव मात्र त्या त्या केंद्रातच, त्या समन्वयकाच्या देखरेखीखाली. प्रोग्रॅम चालला नाही तर शेजारी येऊन स्क्रीनकडे बघणारा माणूस तिथे हजर.

ओपन युनिव्हर्सिटीचा ट्यूटर आठवतोय? हा त्याचाच भारतीय भाऊ.

टॅबलेट आणि दहा मिनिटं

याच काळात 'आकाश' आला. ५ ऑक्टोबर २०११ ला मोठ्या गाजावाजात बाहेर पडलेला स्वस्त टॅबलेट. पहिली आवृत्ती इतकी संथ होती की त्यावर विनोदच जास्त झाले. २०१२ मध्ये प्रकल्प राजस्थानच्या आयआयटीकडून पवईकडे आला आणि ११ नोव्हेंबर २०१२ ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हस्ते सुधारित 'आकाश-२' आला. सरकारला पडणारी किंमत सव्वादोन हजारांच्या आसपास. पवईच्या गटाने त्यावर शिकवायची अॅप्स बनवली, शिक्षकांना ती वापरायला शिकवली. तरी 'आकाश' टिकला नाही. बाजारातले अँड्रॉइड फोन स्वस्त होत गेले आणि सरकारी टॅबलेटची गरजच उरली नाही. यंत्र जुनं होतं, हा या क्षेत्रातला न चुकणारा नियम.

पण त्याच कॅम्पसवर एक कमी झगमगीत प्रयोग टिकला. केमिकल इंजिनिअरिंगचे प्रा. कण्णन मौद्गल्य यांचा 'स्पोकन ट्युटोरियल'. खुल्या सॉफ्टवेअरवरचे साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे. मुलाने एका बाजूला धडा लावायचा, दुसऱ्या बाजूला सॉफ्टवेअर उघडायचं, आणि धडा थांबवत थांबवत स्वतः करून बघायचं. धड्याची संहिता आधी लिहायची आणि विषय अजिबात न येणाऱ्या माणसाकडून ती तपासून घ्यायची. त्याला कळलं तरच रेकॉर्डिंग! आणि मग आवाज फक्त बदलायचा. स्क्रीनवरची बटणं इंग्रजीच, समजावणी मात्र मराठीत, तमिळमध्ये, आसामीत. १९८४ च्या कार्यक्रमात जे राहून गेलं होतं, ते इथे झालं. नोकरीला लागणारं इंग्रजी हातात आणि समजायला लागणारी मराठी कानात.

पुढचे टप्पे भरभर सांगते. एमआयटी आणि हार्वर्डने २०१२ मध्ये 'एडेक्स' काढलं. २०१३ मध्ये आयआयटी मुंबई त्यात गेली, आणि एडेक्सची प्रणाली खुली झाल्यावर २०१४ मध्ये पवईने स्वतःचं 'आयआयटी बॉम्बे एक्स' उभं केलं. ९ जुलै २०१७ ला केंद्राचं 'स्वयम्' आलं. जगभरात एकच अनुभव : नाव नोंदवणारे प्रचंड, शेवटपर्यंत पोचणारे थोडे. जो आधीच शिकलेला आहे, ज्याला स्वतःला रेटायची सवय आहे, तो पार होतो. बाकीचे तिसऱ्या आठवड्यात गळतात.

आणि मग २०२०

इतका इतिहास आपल्या घराशेजारी असताना टाळेबंदीत आपण काय केलं? वर्ग उचलला आणि फोनमध्ये घातला. पवईपासून असल्फ्याची टेकडी किती लांब आहे? घाटकोपरला उतरून मेट्रो पकडली तर पुढचंच जागृतीनगर, मग असल्फा. तिथल्या दहा बाय बाराच्या खोलीत एक फोन, त्यावर भावाची शाळा, बहिणीचं कॉलेज आणि वडिलांचा कामासाठीचा कॉल. भांडुपला हेच, मालवणीला हेच. व्हिडिओ बंद ठेवलेली मुलं आळशी होती असं म्हणणं सोपं आहे. अनेकांना मागची भिंत दाखवायची नव्हती, एवढंच.

शेवटच्या वर्षाची परीक्षा व्हायलाच हवी, असा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय २८ ऑगस्ट २०२० ला आला. ऑक्टोबरमध्ये मुंबई विद्यापीठाच्या परीक्षा ऑनलाइन सुरू झाल्या, पर्यायी प्रश्नांच्या. आणि १२ ऑक्टोबरला सकाळी दहाच्या सुमारास ग्रिड कोसळून मुंबईची वीज गेली. लोकल थांबल्या आणि त्या दिवशीचे पेपर पुढे ढकलावे लागले. १९७१ च्या पाकिटाला असलं काही झालं नसतं.

पण वीज परत आली. जे परत आलं नाही ते म्हणजे मधला माणूस. कलिन्याच्या पाकिटात तो नव्हता. दूरदर्शनच्या वर्गात नव्हता. पवईच्या दूरकेंद्रात तो होता, आणि म्हणून ते चाललं. स्पोकन ट्युटोरियलमध्ये तो संहिता तपासणाऱ्या नवख्याच्या रूपाने होता. २०२० मध्ये मात्र एका बाजूला थकलेला प्राध्यापक, दुसऱ्या बाजूला नव्वद काळे चौकोन, आणि मध्ये कुणीच नाही. काही प्राध्यापकांनी संध्याकाळी एकेकाला फोन करून 'कळलं का?' विचारलं. त्यांच्या वर्गातली मुलं टिकली, हे मी अनेक जणांकडून ऐकलंय. तो फोन म्हणजे समन्वयकाचंच काम होतं, फक्त त्यासाठी कुणी नेमलं नव्हतं, की पगार दिला नव्हता.

आता पुन्हा ऑनलाइन पदव्यांच्या जाहिराती सगळीकडे दिसतात. तुमच्या घरात कुणी प्रवेश घेणार असेल तर अॅप कसं आहे, व्हिडिओ किती आहेत, हे जरूर विचारा. पण त्याआधी एक प्रश्न विचारा : मी अडलो तर माझ्याशी कोण बोलणार, आणि किती दिवसांत? याचं उत्तर एखाद्या माणसाच्या नावाने आलं तर पुढे जा. नुसता टोल फ्री नंबर मिळाला, तर ते १९७१ चं पाकीटच आहे, फक्त पोस्टमन नाही.

आज इथेच थांबू. तुमच्यापैकी कुणी कलिन्याच्या नोट्सवर पदवी घेतली असेल किंवा दूरकेंद्रात समन्वयक म्हणून काम केलं असेल, तर जरूर कळवा. त्या आठवणींवर एक वेगळा भाग करायचा माझा विचार आहे. भेटू पुढच्या भागात.