शालजोडीची किंमत

व्याख्यान संपले की वक्त्याच्या खांद्यावर शाल पडते आणि हाती श्रीफळ येते. हा मान आपल्याकडे जुना आहे. पेशव्यांच्या दरबारात शालजोडी मिळणे म्हणजे भाग्य उजळणे. इतके की गोड शब्दांत मारलेल्या टोल्यालाही आपण ‘शालजोडीतला’ म्हणू लागलो. परंतु ती उंची शाल ज्यांच्या हातून उतरली, त्यांच्या वाट्याला काय आले, हा प्रश्न दरबारात कोणी विचारीत नसे. आज तो आपण विचारू.

शालीचा धागा काश्मीरचा नव्हेच. तो येतो लडाख व पश्चिम तिबेटच्या चांगथांग पठारावरून. चौदा हजार फुटांवरील त्या थंडीत चांगपा गुराखी ज्या शेळ्या पाळतात, त्यांच्या राठ केसांखाली हिवाळ्यात मऊ लव धरते. उन्हाळा लागला की ती आपोआप सुटू लागते व फणीने विंचरून काढतात. एका शेळीची ही लव वर्षाकाठी पावशेराच्या आसपास! हीच पश्म. १६८४ च्या तिंगमोसगांगच्या तहाने पश्चिम तिबेटची पश्म लडाखनेच घ्यावी आणि पुढे काश्मिरी व्यापाऱ्यांनाच द्यावी, असे ठरले. विकावयाची कोणाला, हे गुराख्याला निवडता येईना. मक्तेदारीची गाठ अशी पहिल्याच पायरीवर बसली.

१८४६ मध्ये अमृतसरच्या तहाने इंग्रजांनी पंचाहत्तर लाख रुपयांस काश्मीर गुलाबसिंगाला देऊन टाकले. त्या तहात वार्षिक नजराणा आहे : एक घोडा, सहा नर व सहा मादी अशा बारा शेळ्या, आणि तीन शालजोड्या. शेळीचा उल्लेख झाला; विणकराचा नाही.

विणकराचा उल्लेख करखात्याच्या दप्तरात मात्र होता. ‘दागशाल’ नावाचे खाते प्रत्येक शालीवर शिक्का मारी आणि कर घेई. हा कर अफगाण अमलातला. पुढे शिखांनी आणि डोग्रांनीही तो चालू ठेवला. बिचारा विणकर माग सोडून जाऊ म्हणेल तर तीही सोय नव्हती. तरी कित्येक जण डोंगर ओलांडून पंजाबात पळाले, आणि अमृतसरला शालींचे माग वाजू लागले. रॉबर्ट थॉर्प नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने ही दुर्दशा लिहून ठेवली. १८६८ साली तो श्रीनगरातच वारला.

२९ एप्रिल १८६५. श्रीनगरच्या झालदगर भागात विणकर जमले आणि दागशालचा अधिकारी राजा काक धर ह्याची लटकी तिरडी घेऊन निघाले. फौजेने त्यांना रेटले. पळता पळता माणसे कालव्यात पडली. मृत्यू अठ्ठावीस झाले, असे सांगतात. शिकागोच्या कामगारांची कहाणी आपण दर मे महिन्यात ऐकतो. ती १८८६ ची, म्हणजे ह्यानंतर एकवीस वर्षांची. आपल्याच देशातील हे अठ्ठावीस जण आपल्या पाठ्यपुस्तकांत मी तरी पाहिले नाहीत.

पुढे जुलमापेक्षा बाजारच बलवत्तर ठरला. शालींचे मोठे गिऱ्हाईक फ्रान्स. १८७०-७१ च्या युद्धात ते खचले, पोशाखाची तऱ्हा बदलली, आणि १८७७-७९ च्या दुष्काळात किती विणकर दगावले त्याची गणतीच नाही.

आज तो कर नाही. पण पेच आहेतच. स्वस्त कश्मिऱ्याच्या हव्यासाने मंगोलियात १९९० नंतर शेळ्या इतक्या वाढल्या की कुरणे उजाड होऊ लागली. लडाखात हिवाळी बर्फ अवेळी पडले की कोकरे मरतात, आणि चांगपांची तरुण मुले लेहला मजुरी धरतात. कातणे हे काश्मिरी घरांतील बायकांचे काम. तिथे आता यंत्र शिरले. तलम लव यंत्राच्या ओढीने तुटते, म्हणून तीत नायलॉन मिसळतात आणि कापड विणून झाल्यावर ते आम्लाने विरघळवून टाकतात. २००८ मध्ये काश्मिरी पश्मिन्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याची चिठ्ठी लावण्याआधी श्रीनगरच्या प्रयोगशाळेत तीन गोष्टी तपासतात : धागा सोळा मायक्रॉनच्या आत आहे का, तो हाताने कातला आहे का, हाताने विणला आहे का. कातणारीला गाठीमागे काय मिळाले, ही चौथी गोष्ट त्या चिठ्ठीवर अद्याप नाही.