पिकअपचं ॲव्हरेज पडलं? आधी इंजिनाचा इतिहास बघू



जुन्या पिकअपचं ॲव्हरेज कमी झालं की गावात एकच सल्ला मिळतो, "पंप काढा, नोझल बदला." सल्ला सरसकट खोटा नाही. पण तो कुठल्या काळातून आला ते कळलं तर खिशाला कात्री लागायच्या आधी माणूस दुसरीकडंही बघतो. म्हणून आज पिकाऐवजी डिझेल इंजिनाचा इतिहास.

रुडॉल्फ डिझेल यांच्या इंजिनाची चाचणी १८९७ साली जर्मनीत ऑग्सबर्गला झाली. इंधनातल्या उष्णतेपैकी सुमारे २६ टक्के कामाला आली. त्या वेळच्या वाफेच्या इंजिनांपेक्षा हे कितीतरी जास्त होतं. युक्ती साधी. हवा इतकी दाबायची की ती खूप तापावी, आणि तीत इंधन फवारलं की आपोआप पेटावं. म्हणजे भरपूर हवा, पुरतं कॉम्प्रेशन आणि वेळेवर बारीक फवारा, या तीन गोष्टी लागतात. आपल्या फवारणी पंपाचं नोझल झिजलं की थेंब मोठे पडतात आणि औषध वाया जातं, तसंच इथं डिझेल जातं.

सुरुवातीच्या इंजिनात दाबलेल्या हवेनं इंधन आत ढकलायचे. त्याला वेगळा कॉम्प्रेसर लागायचा, म्हणून इंजिन अवजड. १९२७ पासून बॉश कंपनीनं छोटा इंजेक्शन पंप मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतला आणि डिझेल इंजिन ट्रकमध्ये चांगलं बसलं.

आपल्याकडं साताऱ्याच्या कूपरांनी १९३० च्या दशकात डिझेल इंजिन बनवलं. १९४६ ला पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. १९५१ ला बंगळूरला मायको आली, पुढं नाशिकलाही तिचा कारखाना झाला. आपल्या वाडवडिलांनी आणि जुन्या फिटरांनी इंजिन शिकलं ते विहिरीवर. काळा धूर म्हणजे हवा कमी नाहीतर डिझेल जास्त, निळा म्हणजे ऑइल जळतंय, गरम इंजिनातून पांढरा म्हणजे डिझेल न जळता बाहेर पडतंय. ही ओळख आजही खरी आहे. पण विहिरीवरच्या इंजिनाला चाकं नव्हती, ब्रेक नव्हते, क्लच नव्हता. म्हणून डिझेल जास्त लागलं की पहिला संशय पंप-नोझलवर. ती सवय तशीच गाडीवर आली.

खरं तर विहिरीवरही सगळा दोष इंजिनाचा नसायचा. १९७८ साली पेट्रोलियम कॉन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन स्थापन झाली. तिनं शेतकऱ्यांना सांगितलेल्या गोष्टींत फूटव्हॉल्व्ह आणि पाइपही होते. अडखळणारा फूटव्हॉल्व्ह, लहान पाइप, नको तितके बेंड, यांचा भार इंजिन ओढतं. बिल इंजिनाच्या नावावर आणि गळती भलतीकडं.

पिकअपमध्ये तर अशा जागा आणखी वाढल्या. टाटा मोबाईल आली १९८८ ला, टाटा एस २००५ ला. शेतमाल बाजारात न्यायची रीतच बदलली. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं, तसे कॉमन रेल आणि सेन्सर पिकअपमध्ये सगळीकडं आले. म्हणून गाडी कुठल्या पिढीची, हे आधी बघायचं.

माझी पिकअप जुनी, साध्या पंपाची. ती १३ वरून १० वर आली. एका गॅरेजवाल्यानं पंप उतरवायला सांगितलं. मी आधी मोजायला घेतलं. टाकी फुल करायची, माल नेहमीचा, रस्ता नेहमीचा, पुन्हा त्याच पंपावर फुल. असं तीनदा. आकडा तोच आला. धूर काळा नव्हता, चढाला ताकदही होती. म्हणजे इंजिन ठीक दिसत होतं. मग दहा किलोमीटर ब्रेक जपून चालवली आणि चाकांजवळ हात नेला. मागचं डावं चाक चांगलंच तापलेलं. जॅकवर उचललं तर हातानं फिरेना. हँडब्रेकची केबल गंजून अडकली होती, लायनर सतत घासत होतं. केबल बदलली, ब्रेक सोडवले, आणि ॲव्हरेज साडेबारावर आलं.

माझा क्रम असा: आधी मोजणं. मग टायरची हवा आणि टायरचा साइज. मोठे टायर घातले तर मीटर कमी किलोमीटर दाखवतो आणि ॲव्हरेज उगाच पडल्यासारखं वाटतं. मग ब्रेक. मग क्लच: चढाला आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तर प्लेट घसरतेय. मग एअर फिल्टर, टर्बोचे पाइप, डिझेलची गळती, टॅपेट. त्यानंतर नोझल आणि पंप, आणि शेवटी कॉम्प्रेशन. कॉमन रेल गाडीत स्कॅनर लावणं आणि इंजेक्टरची रिटर्न तपासणं लवकर करावं. तिथं अडकलेला ईजीआर किंवा सतत उघडा राहिलेला थर्मोस्टॅटही डिझेल खातो.

हिशोब बघा. रोज १०० किलोमीटर धरा. १३ च्या ॲव्हरेजला ७.७ लिटर, १० ला १० लिटर. डिझेल ९० रुपये धरलं तर रोज २०७ रुपये, महिन्यात २० फेऱ्यांचे चार हजारांच्या वर. टोमॅटोचा भाव पडलेल्या महिन्यात तेवढेच पैसे हातात राहायचे असतात. याच तोट्याला कंटाळून चांगल्या गाड्या भंगाराच्या भावात जाताना मी बघितल्यात. विकायच्या आधी एकदा चाकाला हात लावून बघा.

तुमच्या गाडीत दोष कुठं सापडला, मॉडेल आणि साल टाकून खाली लिहा. दुसऱ्याचे पैसे वाचतील.